चौतीस नंबर, पिवळी कॉलर

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये मी खिसे लावते.
डाव्या छातीवरचा एकच खिसा, दिवसाला तीनशे साठ.
खिशावर शाळेचं नाव,
उजवीकडून डावीकडं जाणारं.
मला ते वाचता येत नाही. उलटं लागलं तर मात्र
लांबूनच कळतं.

कटिंगचे गफूर मास्तर, त्यांना अक्षरं येतात.
एकदा चष्मा वर करून म्हणाले,
पहिला शब्द मदरसा. म्हंजे शाळाच की.
पुढं गावाचं नाव असंल, मला काय म्हाईत.
आम्ही सगळ्या हसलो.
गावाचं नाव परत कुणी विचारलं नाही.

पिवळी कॉलर पहिली ते तिसरी,
त्याच्या वर निळी, मोठ्यांना पांढरी.
पोरं मी बघितली नाहीत, नंबर बघितले.
पिवळ्यातला सव्वीस पुढच्या उन्हाळ्यात
निळ्यातला अठ्ठावीस होऊन यायचा.
मनात म्हणायचे, वाढलं गं बाई.

मग एका वर्षी काहीच वाढलं नाही.
कंटेनर बंदरातनं माघारी आला.
मालक म्हणाले, तिकडं पेटलंय.
वर्गावर्गात माणसं राहायला आलीत,
बाकं फोडून चुलीत घातली म्हणे.
ह्याच्यापलीकडं त्यांनाही ठाऊक नव्हतं,
नाहीतर आमच्यासमोर बोलायचं नव्हतं.
मशिनींवर कापड टाकून ठेवलं.
सदरे मंगळवार बाजारात किलोवर गेले,
खिशावरची नावं उसवून.
सुईच्या भोकांची रांग तेवढी राहिली,
जवळून बघितलं तर वाचता येईल अशी,
ज्याला वाचता येतं त्याला.

त्या वर्षी मी सासूशेजारी बसून विड्या वळल्या.
हजार व्हायला रात्रीचे अकरा.
आमचा वेणू आठवीत होता.
त्याचं नाव शाळेतनं कुणी काढलं नाही.
तोच एका सोमवारी दप्तर घेऊन निघाला
आणि दुसऱ्या गारमेंटच्या पॅकिंगला जाऊन उभा राहिला.
महिनाभर मी शाळेचा म्हणून डबा भरत होते.
दोनाच्या चार भाकऱ्या मागायला लागला, तेव्हा कळलं.

विडी घरकुलात बॉम्ब पडला नाही.
देवाला धरून सांगते, पत्रासुद्धा हलला नाही.

तीन वर्षांनी ऑर्डर आली.
मास्तरांनी कागद वाचला, परत वाचला,
पेन्सिल कानामागं खोचून केबिनमध्ये गेले.
पिवळी कॉलर, नग अकराशे.
नंबर तीस, बत्तीस, थोडे चौतीस.
चुकलंय, पिवळीला चौतीस कुठनं आला?
मालकांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला.
पलीकडचा माणूस थांबत थांबत बोलला.
बरोबर आहे, म्हणाला.
ती पोरं पहिलीतच बसणार आहेत.

मास्तरांनी कापड अंथरलं
आणि खडू हातात धरून
बराच वेळ नुसते उभे राहिले.

निम्म्या बायका परत आल्याच नाहीत,
म्हणून बाजूची शिवणही आता माझ्याकडं.
एक्सपोर्टच्या मालात आत कापड सोडायचं नसतं.
मी अर्धा इंच सोडते.
चेकिंगची रेणुका सदरा उलटा करून बघते,
सुलटा करते, पुढं ढकलते.

शनिवारी एक नग घरी आणला, काज दुरुस्तीला.
वेणूला म्हटलं, जरा उभा राहा, खांदा बघू दे.
राहिला. मिसरूड फुटलेलं, अंगानं काटकुळा.
सदरा बसला. कॉलर पिवळीधमक.
सासू विडीचं सूप खाली ठेवून बघत राहिली.
मी म्हटलं, राहू दे की घडीभर.
वद्दु अम्मा, म्हणाला, आणि काढला.

फरशीवर पसरला.
बटणं लावली एक सोडून एक,
बाह्या मागं, मधे घडी.
कॉलरखाली घालायला पुठ्ठा नव्हता,
तर फळीवरची त्याची भूगोलाची वही काढली,
कव्हर फाडलं, मापात दुमडलं, आत सरकवलं.
मग नावाचा खिसा वर येईल असा
माझ्या हातात दिला.